मागे तर मी होती

हाताचा पंजा पालथा करून काकू हवेतच दोन थापट्या मारायच्या, परातीत भाकरी थापावी तशा, आणि म्हणायच्या, "बूड टेक."

समोर उभा असायचा तो सहा-साडेसहा फुटांचा, खांद्यांतूनच थेट डोकं उगवलेला एखादा मुलगा. त्याला मराठीचा एक शब्द कळत नसे. पण तो बसायचा. निमूट बसायचा. तुम्ही त्या मुलाला शनिवारी मैदानावर समोरच्या माणसाला भिंतीवरचं कॅलेंडर काढावं तसं बाजूला करताना पाहिलं असतंत, तर त्या दोन थापट्यांची किंमत तुम्हाला कळली असती.

मी जॉर्जियातल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या गावात फुटबॉल म्हणजे आपण समजतो तो पायाने खेळायचा खेळ नव्हे. हेल्मेट घालून, चेंडू काखेत धरून, एकमेकांच्या अंगावर धावून जायचं, तो. मॅचच्या दिवशी इथे दूध आणायला बाहेर पडणंही मुश्कील होतं. प्रशिक्षकाचा पगार कुलगुरूंपेक्षा मोठा, आणि हल्ली खेळाडूंनाही उघडपणे पैसे मिळतात. मात्र ते अजून कागदोपत्री विद्यार्थी असल्यामुळे त्यांनी वर्गात येणं सक्तीचं आहे. ते येतात की नाही हे पाहायला क्रीडा विभाग काही माणसं नेमतो. बहुतेक निवृत्त लोक असतात. दारातून डोकावायचं, हातातल्या टॅबवर खूण करायची, पुढच्या इमारतीकडे चालू लागायचं.

काकू त्यांच्यातल्याच एक. फरक इतकाच, की त्या डोकावून निघून जात नसत. शेवटच्या रांगेत बसून राहायच्या. "आलीच आहे तर ऐकून घेते. घरी जाऊन काय, आमच्या साहेबांचं तोंड पाहू?" साहेब म्हणजे त्यांचे यजमान, औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेले आणि दिवसभर टीव्हीवर स्टॉक मार्केट बघणारे.

आमची ओळख माझ्या एका शिवीने झाली. पहिल्याच दिवशी, दोनशे मुलांसमोर, प्रोजेक्टर बंद पडला. कॉलरला माइक लावलेला आहे हे विसरून मी पुटपुटलो, "च्यायला!" तो शब्द सभागृहभर घुमला. एकाही मुलाला काही कळलं नाही. मागून मात्र खणखणीत आवाज आला, "सर, वायर निघून राहिली खाली! टेबलाच्या पायापाशी पहा!"

पाहिलं. वायर निघाली होती. शेवटच्या रांगेत टीमच्या रंगाची टोपी, अंगावर शाल आणि पायात पांढरे स्नीकर्स अशी एक बाई हसत होती. तास संपल्यावर म्हणाल्या, "मी अमरावतीची. तुम्ही पुण्याचे दिसता. शिवीसुद्धा हळू देता."

खेळाडूंना त्यांनी आपली नावं ठेवली होती. मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा आणि आपल्या माणसाला वाचवणारा जो आडदांड मुलगा, तो 'कपाट'. चेंडूला लाथ मारण्यापुरताच मैदानात येणारा उंच शेलाटा पोरगा, तो 'मनीप्लँट'. आणि ज्याच्या फोटोचे फलक हायवेवर लागायचे, ज्याला सगळं गाव तळहातावर झेलायचं, तो टीमचा सगळा खेळ चालवणारा क्वार्टरबॅक म्हणजे 'जावई'.

"जावईच आहे ना जी तो! त्याला कोणी काही म्हणते का? घरी आला तर आला, नाही आला तर आपणच फोन करून विचारतो, बरं आहे ना बाप्पा."

एकदा त्यांनी मुलांसाठी डबाभर चिवडा आणला. क्रीडा विभागातला एक टायवाला मनुष्य धावत आला. कर्मचाऱ्यांनी खेळाडूंना खाऊ देणं नियमात बसत नाही म्हणे. त्याच आठवड्यात जावयाला एका गाड्यांच्या कंपनीने नवा कोरा ट्रक दिला होता, तो मात्र नियमात बसत होता. काकूंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी शेवटच्या रांगेत मांडीवर डबा उघडून त्या स्वतःच सावकाश चिवडा खात बसल्या. कढीपत्त्याचा वास पार माझ्यापर्यंत आला. पुढच्या तासाला अर्धी टीम त्यांच्या आजूबाजूला बसायला भांडत होती. टायवाला पुन्हा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कुठे देऊन राहिली? मी खाऊन राहिली. वास घ्यायला बंदी आहे का?" हे त्याला इंग्रजीत सांगायची जबाबदारी माझ्यावर आली.

आता माझ्याकडे येतो. मी मुळात कमी बोलणारा. जे बोलायला हवं होतं ते पुष्कळ वर्षं बोललो नाही, म्हणून आता आडपडदा ठेवत नाही.

या मुलांना वर्गात बसवू नये असं माझं मत होतं. जवळच्या अल्फारेटा गावात मराठी मंडळींचा गणपती बसतो, तिथे जेवणाच्या पंगतीनंतर हा विषय हमखास निघायचा. एक डॉक्टरकाका म्हणायचे, "यार, दे आर प्रोफेशनल्स! पहाटे वेट्स, दुपारी प्रॅक्टिस, संध्याकाळी मॅचचे व्हिडिओ. त्यात तुमचं संख्याशास्त्र कशाला? खेळू द्या बिचाऱ्यांना." मी मान डोलवायचो. म्हणायचो, ढोंग आहे सगळं, सक्तीने कुणी शिकत नाही.

काकू वाटीतली खीर संपवत एकदा म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमचा मुलगा असता तर?"

"माझा मुलगा फुटबॉल खेळलाच नसता, काकू."

"तेच म्हणते मी. दुसऱ्याच्या पोट्ट्याला शाळा माफ करायला आपल्याला काय जाते?"

डॉक्टरकाका हसले. मला हसू आलं नाही, कारण माझं ते उदार मत निव्वळ मत नव्हतं. त्याच्याआड मी लपलो होतो.

जावई माझ्या वर्गात होता आणि येत नव्हता. क्रीडा विभागातून एक गोड आवाजाचे गृहस्थ मला फोन करत. काही मागत नसत. फक्त विचारत, "प्रोफेसर, आपला मुलगा ठीक चाललाय ना?" मला भांडण नको होतं. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी त्याची हजेरी लावत गेलो.

एका तासानंतर काकूंनी टॅबवर त्याच्या नावापुढच्या माझ्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, "सर, जावई आला होता का आज?"

"हो... म्हणजे असेल. मागे बसला असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मागे तर मी होती."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. तक्रार केली नाही. मला वाटतं, त्यांनी ते प्रकरण माझ्याच हातात ठेवलं आणि मी ते हातात घेऊन नुसता उभा राहिलो.

पुढच्या मोसमात जावयाचा गुडघा गेला. हायवेवरचा फलक उतरला. एका दुपारी माझ्या ऑफिसच्या दारात कुबड्या घेतलेला एक तरुण उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "सर, दुसऱ्या कॉलेजात अर्ज करतोय. शिफारसपत्र द्याल? तुमच्या विषयात मी पास आहे." मी त्याला खुर्ची दिली. पेन घेतलं. आणि माझ्या लक्षात आलं, की हा चेहरा मी फलकावर सोडून कुठेच पाहिलेला नाही. त्याच्याविषयी मला एक वाक्य लिहिता येईना. तो बराच वेळ बसला, मग त्यालाच माझी दया आली असावी. "इट्स ओके, सर," म्हणून उठला. जाताना विचारलं, "ती ऑन्टी अजून येते का? माझ्या खोलीचं दार वाजवायला तेवढी एकच यायची."

काकूंनी त्याचं पत्र इंग्रजीत तोडकं-मोडकं लिहून दिलं. ते पानभर होतं.

त्यानंतर मी हजेरी प्रामाणिकपणे घेऊ लागलो. पण बोललो नाही. कुणाजवळही नाही.

काकूंच्या गोष्टीला खरी कलाटणी दिली ती कपाटाने. एकदा तास सुटताना त्याने विचारलं, "ऑन्टी, सोशिऑलॉजीला तू, जिऑलॉजीला तू, इथेही तू. सगळे तास बसतेस. ग्रेड काय पडली तुला?"

"मला कशाची ग्रेड? मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात सोडलं. लग्न झालं."

"मग इतकं बसून फुकट?" तो खरोखर हादरला होता. "आम्हाला पळून जाऊ देत नाहीस, आणि तू स्वतः पळालीस?"

काकूंनी टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. 

आमच्या राज्यात बासष्ट ओलांडलेल्यांना सरकारी विद्यापीठात फी माफ असते. हे शोधून काढलं मनीप्लँटने. दोघांनी मिळून काकूंना प्रवेश कार्यालयात नेऊन उभं केलं. साहेबांनी टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, "आता या वयात डिग्री घेऊन काय लोणचं घालता?" काकू म्हणाल्या, "तुम्ही शेअर घेऊन घातलं तेच."

मग पुढली काही वर्षं आमच्या विद्यापीठात एक अजब प्रकार चालला. काकू मुलांची हजेरी बघायच्या आणि मुलं काकूंची. इतिहासाच्या तासाला त्या पोचल्या नाहीत तर दारात दोन राक्षस घड्याळ बघत उभे. "ऑन्टी, बूड टेक!" त्यांच्या तोंडी ते 'बूऽड टेऽक' असं काहीतरी व्हायचं, पण पंजाच्या दोन थापट्या अगदी बरोबर पडायच्या.

शेवटी उरला एकच विषय. माझा.

त्या सेमिस्टरची सुरुवातच वाईट झाली. साहेबांची बायपास झाली आणि काकूंचे बरेच तास बुडाले. माझ्या विषयात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त गैरहजेरी झाली की विद्यार्थी नापास, असा नियम होता. काकू त्या मर्यादेला टेकल्या होत्या. त्यात मुलीने ठरवलं, की डिसेंबरात दोघांना दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला आपल्याकडे न्यायचं. इथलं घर विकलंसुद्धा. आजारपणाचा अर्ज करून परीक्षा पुढे ढकलता आली असती, पण पुढे काकू इथे असणारच नव्हत्या. "तिकडे जाऊन पुन्हा नवीन कॉलेज, नवीन नियम. आता नाही होत माझ्याच्यानं," त्या म्हणाल्या. हे सेमिस्टर हुकलं की डिग्री हुकली.

आणि दिवाळीच्या चकल्या तळताना तेल सांडलं. त्यावरून घसरून काकूंचा घोटा मोडला.

मी भेटायला गेलो. प्लास्टरचा पाय स्टुलावर, घरभर सामानाची खोकी. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या जुन्या इमारतीची लिफ्ट नेमकी बंद. तिचा कुठलासा भाग मागवलेला होता. आणखी एक तास बुडाला की संपलं. मी इकडचं तिकडचं बोललो, चहा संपवला आणि उठताना म्हणालो, "काकू, तुम्ही पाय सांभाळा. हजेरीचं मी बघतो."

"जावयासारखं?"

मी मान खाली घातली. त्यांचा आवाज चढला नाही. "सर, मी आली नाही तर आली नाही असंच लिहा. मी न येताच तुम्ही आली म्हणून लिहाल, तर इतके दिवस मी आली होती त्याला काय अर्थ राहिला?"

"पण डिग्री जाईल, काकू."

"जाऊ द्या. एकदा गेलीच होती ना."

हे म्हणताना त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मी पाहिलं ते तुम्हाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी वर्ग सुरू केला. शेवटच्या रांगेतली खुर्ची रिकामी. फुटबॉलवाल्यांचीही एक अख्खी रांग रिकामी. मी फळ्यावर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा तेच लिहिलं. गैरहजेरी नोंदवायची वेळ झाली आणि माझा हात पुढे होईना.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. "हळू! हळू रे पोट्ट्यांनो! मी काय चेंडू आहे का?"

दार उघडलं. लॉकर रूममधली एक भक्कम खुर्ची, तिच्या चार पायांना चार खेळाडू. पुढे कपाट. खुर्चीत काकू, शाल, टोपी, मांडीवर पर्स आणि डबा, आणि पुढे ताठ धरलेला प्लास्टरचा पाय, त्यावर सगळ्या टीमच्या सह्या. मागे मनीप्लँट कुबड्या घेऊन, एखाद्या राजदंडासारख्या. चौघे व्यायामाच्या कपड्यांतच होते, घामाने निथळत.

नंतर कळलं. पहाटेच्या व्यायामातून सुटी मागायला कपाट प्रशिक्षकाकडे गेला होता. तो प्रशिक्षक सख्ख्या आईचा फोन आला तरी सुटी न देणारा. कपाट त्याला म्हणाला, "मला ज्या बाईने चार वर्षं वर्गात बसवलं, तिला आज मला वर्गात बसवायचंय." प्रशिक्षकाने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाचजण जा. आजचा व्यायाम जिना."

सगळा वर्ग उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, बाकं वाजवणं. शेजारच्या वर्गातले प्राध्यापक काय झालं म्हणून बघायला आले आणि तेही टाळ्या वाजवू लागले. काकूंनी खुर्चीतूनच पंजा पालथा केला. दोन थापट्या.

"बूड टेका सगळे. सर शिकवून राहिले."

दोनशे मुलं बसली. कपाट वळून मला म्हणाला, "प्रोफेसर, ऑन्टी इज प्रेझेंट."

मी हजेरी लावली. त्या खुणेसाठी मला काहीही करावं लागलं नव्हतं, फक्त बघावं लागलं होतं. प्लास्टर निघेपर्यंत ती खुर्ची येत राहिली. एकही तास चुकला नाही.

काकूंना संख्याशास्त्र आलं असं मी म्हणणार नाही. "सरासरी मला समजते, सर. पण कोण सरासरीपासून किती लांब गेलं हे काहून मोजता? ज्याचं तो पाहील!" परीक्षेला त्यांना सी मिळाला. काठावरचा, पण स्वच्छ. त्यांचा पेपर मी दोनदा तपासला आणि एक गुण इकडचा तिकडे केला नाही. माझ्या तोंडून हे ऐकून तुम्ही हसाल, हसा. पण खरं आहे.

डिसेंबरात पदवीदान झालं. काळा झगा, चौकोनी टोपी आणि खाली तेच पांढरे स्नीकर्स. नाव पुकारलं गेलं. काकू थोड्या लंगडत मंचावर गेल्या, प्रमाणपत्र घेतलं, आणि तिथेच थांबल्या. हलेचनात. उजवीकडे हात हलवला, डावीकडे हलवला, साहेब कुठे बसलेत ते शोधलं, त्यांच्याकडे बघून प्रमाणपत्र नाचवलं. साहेबांनी डोळे पुसायला चष्मा काढला होता, त्यामुळे त्यांना काही दिसलंच नसणार. मागे पदवीधरांची रांग खोळंबली. कुलगुरू कसनुसं हसू लागले.

आणि वरच्या सज्ज्यातून, जिथे सगळी टीम बसली होती, एकच गर्जना आली. मॅचमध्ये ऐकू येते तशी.

"बूऽड टेऽक!"

डझनावारी पंजे हवेत, भाकऱ्या थापत. काकूंनी वर पाहिलं. टोपी सावरत इतक्या हसल्या, की कुलगुरूंनाच हात धरून त्यांना मंचावरून खाली आणावं लागलं. खाली येऊन त्या बसल्या. आज्ञाधारक.

त्या फ्रिस्कोला गेल्यावर लगेचच विद्यापीठाच्या सभेत ठराव आला. आता हे खेळाडू व्यावसायिकच झालेत, तर त्यांना वर्गात बसण्याची सक्ती नको, सगळं ऑनलाइन उरकावं. ठराव मांडणारे गृहस्थ गोड आवाजाचे होते. आवाज मी ओळखला. माझीच जुनी वाक्यं ते म्हणत होते, माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत.

मी उभा राहिलो. जावयाचं नाव न घेता जावयाची गोष्ट सांगितली. हजेरी मीच लावत होतो हे सांगितलं. पत्रासाठी पेन हातात घेऊन बसलो होतो तेही सांगितलं. शेवटी काकू नेहमी म्हणायच्या ते म्हणालो, की मुलांना बसवायचं असेल तर आधी झोपू द्या, पहाटेचा व्यायाम पुढे ढकला.  मग मतदान झालं. ठराव पडला आणि व्यायामाची वेळ बदलली. मला लेखी समज मिळाली. ती मिळायलाच हवी होती.

रिकाम्या वर्गात जाऊन मी फ्रिस्कोला फोन लावला.

"काकू, मुलांचे वर्ग राहिले. आणि पहाटेचा व्यायाम उशिरा केला."

"हाव? बरं झालं बाप्पा. झोपतील तरी पोट्टे." मागे टीव्हीवर स्टॉक मार्केट चालू होतं. "तुम्ही बोलले का सभेत?"

"बोललो."

"ते जावयाचं?"

"तेही."

"उभं राहून?"

"उभं राहून, काकू."

 पलीकडून एक आवाज आला, हलका, दोनदा. फोन धरलेल्या हाताने नसेल, दुसऱ्या हाताने मांडीवर थाप मारल्याचा असावा.

"मग आता बूड टेका, सर."

मी शेवटच्या रांगेत गेलो. त्यांच्या खुर्चीत बसलो. तिथून सगळ्या खुर्च्या दिसत होत्या.